लईराईचा ‘ल’ आणि नागरी खिळ्यांची कथा

वैशाख आला की वाळपईच्या बाजारपेठेत, डिचोलीत आणि पेडण्यात शिरगावच्या जत्रेचे फलक झळकू लागतात. देवी एकच, श्रीलईराई. परंतु तिच्या नावातील ‘ल’ मात्र फलकागणिक पालटतो. कोठे तो आखूड देठाखाली दोन पाकळ्या उमललेला, आपल्या वाडवडिलांनी पाटीवर गिरवलेला. तर कोठे उत्तरेकडील वळणाचा, उभ्या दंडास टेकलेला. शांतादुर्गेच्या ‘श’चीही तीच गत. भाविकाची श्रद्धा यामुळे कमी होत नाही हे खरे. तथापि आपल्या देवतेचे नाव कोणत्या रूपात लिहावयाचे हे आपण ठरवतो की दूर देशी बसलेला यंत्रकार ठरवतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तो आजचा नव्हे, चांगला चारशे वर्षांचा आहे, आणि त्याचा आरंभ गोमंतकातच झाला.

भारतातील पहिला छापखाना 1556 साली गोव्यात आला, हे वाचकांस विदित आहेच. परंतु या छापखान्याने मराठीची किंवा कोंकणीची नागरी अक्षरे कधी छापली नाहीत. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले ते रोमी लिपीत. ओवी मराठी, वेष परका. याचे कारण स्टीफन्स यांनीच 1608 सालच्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. या देशाच्या लिपीत ग्रंथ छापावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, तेथे येथे अक्षरागणिक सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, हे त्यांस अशक्यप्राय वाटले. मलबारी लिपीचे खिळे मात्र त्याआधीच, 1577 च्या सुमारास, गोव्यातच जुआंव गोन्साल्विस यांनी कोरले होते आणि त्यांवर पुढल्याच वर्षी कोल्लम येथे पुस्तक निघाले होते. म्हणजे कसब नव्हते असे नाही. नागरीच्या वाट्याला ते आले नाही, एवढेच.

येथे एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ‘होर्तुस मलाबारिकुस’ या वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथाचा पहिला खंड 1678 साली आम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीच्या तिघा कोंकणी वैद्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. कोंकणी मजकूर नागरीत छापला गेल्याचे हे फार जुने उदाहरण होय. पण तेही खिळ्यांनी जुळवलेले नाही. अक्षरे कोरून त्यांची प्रतिमा छापलेली आहे. गोव्याबाहेर गेलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांच्या हातचे अक्षर हॉलंडात कागदावर उमटले, आणि गोव्यात मात्र ते उमटले नाही!

पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज सत्तेने येथील मुद्रणच बंद पाडले. सरकारी छापखाना पुनश्च उघडला तो 1821 साली. त्याच अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले. या नव्या काबिजादींत मराठी लिहिणे थांबले नाही. मोडीत दफ्तरे लिहिली गेली, पोथ्या बोरूने उतरल्या गेल्या. अक्षर जिवंत होते. छापाचे नव्हते, हाताचे होते.

नागरी खिळ्यांना रूप आले ते अन्यत्र. कॅरे यांचे मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपुरास नागरी खिळ्यांत छापले गेले. पण बंगाल्यात घडलेल्या त्या अक्षरांत मराठी हाताचे वळण कोठून येणार? ते आले मुंबईत. गणपत कृष्णाजींनी 1831 साली पंचांग छापले ते शिळाछापावर. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील कागदास शिवत नसत; तेव्हा तुपाची शाई करून पोथ्या छापण्याची तोड निघाली. आज हसू येते, परंतु छापील अक्षराला देवघरात प्रवेश मिळाला तो या तुपाच्या वाटेने.

यानंतरचे मोठे नाव जावजी दादाजी यांचे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी खिळे घासण्याचे काम करणाऱ्या या गृहस्थांनी 1864 साली स्वतःची ओतशाळा काढली आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू हे ठसे कोरणारे. हे काम कसे चाले ते थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावयाचा. साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा तयार. एका अक्षरास इतके सायास, आणि नागरीला अक्षरे शेकडो. शिवाय प्रत्येक ‘क’चा दंड, प्रत्येक वेलांटीचा बाक एकाच हातचा वाटला पाहिजे. आरूंच्या खिळ्यांत तिरप्या कापलेल्या बोरूची जाडी-बारीकी जशीच्या तशी आहे. म्हणूनच निर्णयसागरी संस्कृत ग्रंथ आजही डोळ्यांस निववतात. आपल्या घरच्या जुन्या पोथ्या उघडून पाहाव्या. माझ्या मते मराठी मुद्रणात यापेक्षा मोठे कलाकार्य झालेले नाही.

यंत्रयुगाने मात्र अक्षरास कात्री लावली. खिळ्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’साठी केला होता. विसाव्या शतकात आलेल्या लायनोटाइप यंत्राच्या फलकावर कळा अवघ्या नव्वद. तेव्हा जोडाक्षरे तुटली आणि वेलांट्या आखडल्या. यंत्रास अक्षर जुळते करून घेण्याऐवजी अक्षरच यंत्रास जुळते केले गेले.

या काळात स्वतंत्र अक्षर जगवले ते चित्रकारांनी. कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांची नावे अशी रेखिली की जाहिरातीतील शीर्षक वाचताच नाटकाची जात कळावी. र. कृ. जोशी (1936–2008) हे कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील अध्यापक; संगणकाच्या पडद्यासाठी ‘मंगल’ हे अक्षर त्यांनीच घडविले आणि ते विंडोज 2000 बरोबर घरोघरी गेले. पडद्यावर वाचण्यासाठी केलेले हे अक्षर लग्नपत्रिकेपासून कळसारोहणाच्या निमंत्रणापर्यंत सर्वत्र वापरले जाते, यात दोष अक्षराचा नाही, आपल्या आळसाचा आहे.

कारण आता निवड आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मोदक’ नावाचे अक्षर केले. ते इतके गुबगुबीत की आतील पोकळ्या जेमतेम रेघेएवढ्या उरतात. हे अक्षर ग्रंथ छापण्यासाठी नव्हेच. चार-सहा अक्षरांचा मथळा मोठ्या फलकावर मांडावा, तेव्हाच त्याची गोडी कळते. त्याच गटाचे ‘जैनी’ कल्पसूत्राच्या हस्तलिखितांवरून घेतले आहे, तर कॅथरीन ली श्मिट यांचे ‘यात्रा’ मुंबईच्या लोकलगाड्यांच्या स्थानकांवरील रंगविलेल्या पाट्यांवरून. पोथी आणि पाटी, दोन्हींतून खिळा निघू शकतो, याचा हा पुरावा. सहाशे साच्यांचे भय आता उरलेले नाही. संगणकाला सहाशे काय आणि हजार काय, सारखेच.

‘ल’चा घोटाळाही येथेच उलगडतो. संगणकात ‘ल’चा संकेतांक एकच, त्यास रूप कोणते द्यावयाचे हे अक्षर घडविणारा ठरवतो, आणि त्याने हिंदी वाचक समोर धरला असेल तर ‘ल’ दंडाचा येतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2022 मध्ये पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मराठीसाठी मान्य केले. ‘टिरो देवनागरी’ या अक्षरमालेत तर मराठीसाठी वेगळा संचच आहे.

डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर शिवछत्रपतींच्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे, 13 नोव्हेंबर 1668 चा. बांदिवड्याच्या नागेशीस 1413 चा आहे. ही अक्षरे बोरूची नव्हेत, छिन्नीची आहेत. कुशल हाताने त्यांचे ठसे कागदावर घेतले, त्यांत नसलेली अक्षरे त्याच वळणाने पुरी केली, तर देवस्थानांच्या पत्रिकांसाठी येथील मातीचे एक अक्षर घडू शकेल. त्याची परीक्षा पाहावयास मोठा मजकूर नको. ‘लईराई’, ‘शांतादुर्गा’, ‘ब्रह्मकरमळी’ आणि ‘सप्तकोटेश्वर’ ही चार नावे एका कागदावर मांडावी. पहिल्यात ‘ल’ दिसेल, दुसऱ्यात ‘श’ आणि रफार, तिसऱ्यात ‘ब्र’, ‘ह्म’ आणि आपला ‘ळ’. चौथ्यात ‘प्त’, दोन मात्रा आणि ‘श्व’. शिशाच्या काळी या ‘श्व’साठी एक स्वतंत्र खिळा ओतावा लागे.