अंबरनाथचा शिलालेख व बोरघाटांतील स्त्रीश्रम

अंबरनाथच्या शिवालयांतील लेखांत शके ९८२ (इ. स. १०६०) हा काल, शिलाहार मम्वाणिराजाचीं बिरुदें व त्याच्या अमात्यादि अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत, शिळा वाहणारांचा उल्लेख नाहीं. पुढें आठशें वर्षांनींहि ही लेखनरीति पालटली नाहीं.

अंबरनाथ-बदलापुरावरून लोहमार्ग १८५६ त घाटाच्या पायथ्याकडे गेला व त्याच वर्षीं बोरघाटाचें काम सुरू झालें. १८६१ च्या आरंभीं तेथें ४२ हजारांवर माणसें राबत होतीं. त्यांत स्त्रियाहि होत्या. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ त वारला. तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता पुढें चालविला व १८६३ त घाटमार्ग पुरा झाला. तिचें नांव इतिहासांत राहिलें. पाट्या वाहणाऱ्या स्त्रिया संख्येंत लोपल्या.

या नामलोपाच्या मुळाशीं संधीचें वैषम्य आहे. पतीमागें ॲलिसच्या हातीं मक्ता आला. पाटीवालीच्या हातीं थापी कोणी दिली नाहीं. १९७६ च्या कायद्यानें समान कामास समान वेतन ठरविलें व भरतींतील लिंगभेद निषिद्ध केला. तथापि गवंडी पुरुष व बिगारी स्त्री ही वांटणी बांधकामावर बहुशः टिकून आहे. कामच निराळें ठेविलें म्हणजे समान वेतनाचें कलम निष्फळ होतें.

आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतींतील बांधकामांचे हजेरीपट हीं उद्यांचीं इतिहाससाधनें होत; तीं जपलीं पाहिजेत. स्त्रीच्या नांवापुढें ‘गवंडी’ हा शब्द किती वेळां आला, हें भावी संशोधकास त्यांवरूनच मोजतां येईल.