जुनी मोटार कोलकात्याच्या रॅलीला न्यायची कशी? भाडे, नियम आणि विम्याचा हिशेब

कोलकाता : 'द स्टेट्समन' या दैनिकाच्या वतीने भरणारी जुन्या मोटारींची रॅली ही देशातील सर्वांत जुन्या रॅलींपैकी एक आहे. १९६० च्या दशकापासून चालत आलेल्या या परंपरेमुळे फोर्ट विल्यमभोवतीचा मैदान परिसर मोटारप्रेमींच्या ओळखीचा झाला आहे. मात्र महाराष्ट्रातून तेथे गाडी न्यायची म्हटले, तर पहिला अडसर असतो तो अंतराचा. नागपूरमार्गे मुंबई ते हावडा हे लोहमार्गाचे अंतर १,९६८ किलोमीटर आहे. रस्त्यानेही ते सुमारे तितकेच भरते. सुट्टीच्या दिवशी राबून, एकेक सुटा भाग जमवून गाडी उभी करणाऱ्या सामान्य मालकासाठी हा प्रवास दुरुस्तीइतकाच खर्चिक ठरू शकतो.

हा खर्च आटोक्यात ठेवण्याचे मार्ग आहेत. पण सर्वांत कमी भाडे म्हणजे सर्वांत स्वस्त वाहतूक असे समीकरण येथे लागू पडत नाही. गाडीची कायदेशीर स्थिती, तिची लांबी आणि नुकसान झाल्यास मिळू शकणारी भरपाई या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय कोणता पर्याय परवडणारा, हे ठरवता येत नाही.

नामांतरामुळे जुळलेला धागा

लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असलेल्या फोर्ट विल्यमचे डिसेंबर २०२४ मध्ये 'विजय दुर्ग' असे नामांतर करण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग या मराठ्यांच्या सागरी किल्ल्यावरून हे नाव घेण्यात आले असून, किल्ल्याच्या सेंट जॉर्ज गेटला 'शिवाजी गेट' असे नाव देण्यात आले आहे.

दूरच्या स्पर्धेसाठी मोटार नेण्याचा महाराष्ट्राचा अनुभवही जुना आहे. १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर मार्गावर झालेल्या चाचणी स्पर्धेत रोल्स-रॉइसची 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही मोटार उतरली होती. इंग्लंडमध्ये बांधलेल्या या मोटारीने सहा घाट असलेला ६२० मैलांचा टप्पा पार केला आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. त्या काळी असा खर्च कंपन्या आणि संस्थानिक करीत. आज तो निवृत्त कर्मचारी, गॅरेजमालक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांना उचलावा लागतो.

आधी कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. त्यामुळे नोंदणी संपलेली किंवा अर्धवट बांधलेली गाडी वाहून नेण्यावाचून पर्याय नसतो. ती दुसऱ्या गाडीमागे दोराने ओढत नेणे हाही उपाय नव्हे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार असे ओढणे प्रामुख्याने नादुरुस्त वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे. त्यासाठी वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटर आणि दोन गाड्यांमधील अंतराची मर्यादा ५ मीटर आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम लागू केले. मूळ सांगाडा, बांधणी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षे वैध राहते. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मात्र प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठी ती चालवण्यास मुभा आहे.

स्वतः चालवत नेणे

गाडी धडधाकट आणि तिची नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र वैध असेल, तर हा मार्ग कागदावर सर्वांत स्वस्त दिसतो. २,००० किलोमीटरसाठी लिटरमागे १२ किलोमीटर असा हिशेब केला, तर सुमारे १६७ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये दर धरल्यास एका बाजूचा इंधनखर्च साधारण १७,५०० रुपये होतो.

त्यात पथकर, मुक्काम आणि जेवण यांची भर पडते. जुनी मोटार दिवसाला ४०० ते ५०० किलोमीटरपेक्षा अधिक पळवणे शहाणपणाचे नसल्याने चार-पाच दिवस मोडतात. धुळे, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर हा पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ चा रस्ता सरळ आहे. परंतु नागपूर सोडल्यावर जुन्या गाडीचे सुटे भाग आणि ती जाणणारा मिस्त्री मिळेलच असे नाही. वाटेत गाडी बंद पडली, तर ऐनवेळी मागवलेल्या ट्रकचे भाडे साऱ्या बचतीवर पाणी फिरवते.

ट्रक निवडताना फुटांचा हिशेब

वाहतूकदार ट्रकचे भाडे त्याच्या हौद्याच्या लांबीनुसार सांगतात. म्हणून गाडीची लांबी आधी मोजलेली बरी. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट ११०० आणि तिचीच पुढील आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी सुमारे ३.९३ मीटर लांब आहे. चौदा फुटी ट्रकचा हौदा ४.२७ मीटरचा असल्याने ती त्यात बसते. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे बनलेली अँबेसेडर मात्र ४.३२ मीटर लांब असल्याने अवघ्या पाच सेंटिमीटरसाठी सतरा फुटी ट्रक घ्यावा लागतो आणि भाडे वाढते.

बत्तीस फुटी बंद ट्रकची लांबी ९.७५ मीटर असते. त्यात दोन अँबेसेडर एकामागे एक राहू शकतात आणि भाडे निम्मे-निम्मे वाटून घेता येते. एकाच शहरातील दोन-तीन मालकांनी मिळून वाहन ठरवणे हा खर्च कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. गाडी ऊन, धूळ आणि पावसापासून सुरक्षित राहते, हा आणखी एक लाभ.

नव्या मोटारी वाहून नेणाऱ्या कार-कॅरियरमधील एखादी रिकामी जागा आरक्षित करणे हाही पर्याय आहे. पुणे-चाकण पट्ट्यातून देशभर नव्या गाड्या जातात. परतीच्या फेरीला भरपूर माल मिळेलच असे नसते. त्यामुळे कोलकात्याहून परतताना भाड्यात घासाघीस करण्यास वाव असतो. जाण्या-येण्याचा सौदा एकदम न करता दोन्ही बाजूंचे दर वेगवेगळे विचारावेत. मात्र जागा भरेपर्यंत कॅरियर निघत नाही, वाटेत गाड्या चढतात-उतरतात आणि पोहोचण्याची तारीख निश्चित नसते. रॅलीच्या किमान आठवडाभर आधी गाडी पोहोचेल, असे नियोजन हवे.

ट्रकचा हौदा जमिनीपासून उंच असतो, याकडेही अनेकांचे दुर्लक्ष होते. गाडी चढवण्यासाठी मालधक्का, भक्कम उतरंड किंवा क्रेन लागते. दोन्ही टोकांना ही सोय कोण करणार आणि हमाली कोणी द्यायची, हे बिल्टीवर लिहून घ्यावे.

रेल्वे : दुचाकीसाठी सोयीची, मोटारीसाठी अवघड

जुन्या दुचाकीसाठी रेल्वे पार्सल हा साधा आणि किफायतशीर मार्ग आहे. नोंदणीपत्राची प्रत आणि ओळखपत्र द्यावे लागते, टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि दुचाकी गोणपाटात नीट बांधावी लागते. लोकमान्य टिळक टर्मिनस–शालिमार एक्स्प्रेस हुगळीच्या पश्चिम तीरावर, विद्यासागर सेतूपासून जवळच पोहोचते. सांगोल्याहून सुटलेली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी याच शालिमारकडे रवाना झाली होती. महाराष्ट्राचा माल उतरण्याचे हे परिचित ठिकाण आहे.

मोटारीचे गणित वेगळे आहे. प्रवासी गाडीच्या गार्ड-डब्यातील सामानकक्षात ती मावत नाही. त्यासाठी स्वतंत्र पार्सल डबा लागतो आणि त्याची क्षमता २३ टनांच्या घरात असते. एक टनाच्या मोटारीसाठी संपूर्ण डब्याचे भाडे भरणे कोणालाच परवडणार नाही. क्लबने अनेक गाड्या, सुटे भाग आणि सामान एकत्र पाठवले, तरच हा विचार व्यवहार्य ठरतो. पोहोचलेला माल मुदतीत न उचलल्यास वारफेज, म्हणजे जागा अडवल्याचा आकार भरावा लागतो, हेही लक्षात ठेवावे.

विद्यार्थ्यांच्या गाड्या

वाहतुकीचा हाच प्रश्न अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संघांपुढेही असतो. इंदूरजवळील पिथमपूर येथे २००७ मध्ये सुरू झालेली 'बाहा एसएई इंडिया' आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी 'फॉर्म्युला भारत' या स्पर्धांसाठी विद्यार्थी स्वतः बांधलेली एक आसनी गाडी नेतात. पुण्याहून कोइम्बतूर सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे. या गाड्यांची नोंदणी नसते. पण त्या वजनाने हलक्या असतात, हा त्यांचा फायदा. चाके, पुढचे नाक आणि मागचा पंख सुटे केल्यास लांबी कमी होते आणि लहान वाहन पुरते. शेजारच्या दोन महाविद्यालयांनी एक ट्रक वाटून घेतल्यास अवजारे आणि सुटे भागही त्यातच जातात. गाडी विक्रीसाठी नसून स्पर्धेसाठी जात असल्याचे संस्थेचे पत्र, घोषित किंमत आणि लागू असल्यास ई-वे बिल चालकाजवळ असावे. राज्याच्या सीमेवर अडकून पडण्याची वेळ त्यामुळे टळते.

खरा धोका भरपाईचा

वर्षानुवर्षांचे श्रम एका आदळआपटीत वाया जाऊ शकतात. त्या वेळी मिळणारी रक्कम अनेकांच्या कल्पनेपेक्षा फार कमी असते. रेल्वेकडे मालाची किंमत घोषित करून जादा आकार भरला नसेल, तर पार्सलसाठी रेल्वेचे दायित्व किलोमागे ५० रुपयांपुरते मर्यादित राहते. ८९५ किलो वजनाच्या पद्मिनीसाठी ही कमाल रक्कम ४४,७५० रुपये होते. केवळ इंजिन आणि रंगकामाचा खर्चही त्यातून भरून निघणे कठीण आहे.

रस्ते वाहतुकीत २००७ चा अधिनियम आणि २०११ चे नियम लागू होतात. जादा जोखमीचा दर ठरवलेला नसेल, तर वाहतूकदाराचे दायित्व भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. म्हणजे भाडे १५,००० रुपये असेल, तर मर्यादा दीड लाख रुपये. ज्याने सर्वांत कमी भाडे भरले, त्याच्या भरपाईची मर्यादाही सर्वांत कमी. दाव्यापूर्वीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. रेल्वेसाठी ही मुदत सहा महिन्यांची आहे.

म्हणूनच विम्याचा हप्ता वाचवणे ही खरी बचत नव्हे. मोटारीच्या सर्वसमावेशक विमापत्रात रस्ता किंवा रेल्वेने वाहतूक होत असतानाच्या नुकसानीचा सहसा समावेश असतो. मात्र पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ती कमी धरली असेल, तर भरपाईही तितकीच मिळते. भारतीय मोटार दरपत्रकाने १९४० अखेरपर्यंत बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांना स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सवलत ठेवली होती. आजच्या विमापत्रात ती मिळते का, हे विचारून घ्यावे. नोंदणी नसलेल्या गाडीसाठी देशांतर्गत वाहतूक विमा घेता येतो. त्यातील 'अ' कलम सर्व प्रकारच्या जोखमींसाठी, 'ब' नमूद केलेल्या अपघातांसाठी, तर 'क' मुख्यतः आगीसाठी असते. स्वस्त म्हणून 'क' घेतल्यास ओरखडे, पोचे किंवा ट्रक उलटल्याने झालेले नुकसान त्यात बसत नाही.

निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर

गाडी चढवण्यापूर्वी चारही बाजूंची, खालची आणि आतील छायाचित्रे तारखेसह घ्यावीत. बॅटरीची तार सोडवावी, इंधन किमान ठेवावे, बोधचिन्हे आणि आरसे यांसारखे दुर्मीळ भाग काढून सोबत न्यावेत. पट्टे बंपरला न बांधता चाकांना किंवा सांगाड्याला बांधावेत आणि चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे ठोकावेत. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा आवळण्यास चालकाला सांगावे.

कोलकात्यात अवजड मालवाहनांच्या दिवसाच्या प्रवेशावर निर्बंध असतात. त्यामुळे गाडी हावडा बाजूला उतरवून विद्यासागर सेतूने पुढे नेणे सोयीचे पडते. हा पूल फोर्ट विल्यमजवळच हेस्टिंग्ज भागात उतरतो. नोंदणी असलेली गाडी हे अंतर स्वतः कापू शकते, इतरांनी स्थानिक रिकव्हरी व्हॅन आधीच ठरवावी. किल्ला आणि लगतचा परिसर लष्कराच्या अखत्यारीत असल्याने ट्रक कोठे उभा करायचा, याची लेखी सूचना आयोजकांकडून घ्यावी.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. नुकसान दिसल्यास पोहोच पावतीवर सही करण्यापूर्वीच त्याची नोंद करावी आणि चालकाचीही सही घ्यावी. कोरी सही दिल्यानंतर गाडी सुस्थितीत मिळाली नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो.