फ्यूचरामा गिटार

फ्यूचरामा : विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात चेकोस्लोव्हाकियात तयार होऊन ब्रिटनमध्ये या नावाने विकली गेलेली सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटार. मायदेशी ती ‘रेझोनेट’ या निर्मितिमुद्रेखाली ‘ग्राझिओसो’ नावाने ओळखली जात असे. ‘फ्यूचरामा’ हे नाव तिला सेल्मर या लंडनच्या वाद्यविक्रेत्या कंपनीने दिले. अमेरिकन गिटार दुर्मीळ आणि आवाक्याबाहेर होती त्या काळात ब्रिटनमधील अनेक तरुण वादकांना तीन पिकअपांचे आधुनिक वाद्य हाती धरता आले ते हिच्यामुळे, आणि युरोपीय गिटारांच्या इतिहासातील तिचे स्थान मुख्यतः यावरच उभे आहे.

पार्श्वभूमी : साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीत घुमून मोठा होतो, सॉलिड बॉडी गिटारचे अंग मात्र भरीव लाकडाचे असल्याने तिचा आवाज जवळजवळ संपूर्णपणे पिकअपवर अवलंबून असतो. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे होय. गिटारची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो अँप्लिफायरकडे जाऊन ध्वनिरूपाने बाहेर पडतो. अमेरिकेतील फेंडर कंपनीने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही तीन पिकअपांची गिटार बाजारात आणल्यावर या वाद्यप्रकाराला जे रूप मिळाले, त्याचा प्रभाव जगभरच्या कारागिरांवर पडला.

ब्रिटनमध्ये मात्र ही गिटार सहजी मिळत नव्हती. महायुद्धानंतर डॉलरचा तुटवडा भासू लागल्याने 1951 पासून अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते आणि ते 1959 मध्ये उठले. याच काळात, 1956 च्या आरंभी लॉनी डॉनेगनच्या गाण्याने स्किफल या सोप्या, घरगुती वाद्यांवरही वाजवता येणाऱ्या संगीतप्रकाराची लाट उसळली, त्यापाठोपाठ रॉक अँड रोल आले आणि हजारो मुलांना गिटार हवीशी झाली. मागणी अफाट आणि अमेरिकन माल बंद, अशा परिस्थितीत विक्रेत्यांनी युरोपकडे मोर्चा वळवला. पश्चिम जर्मनीतील हॉफ्नर आणि फ्रामुस या कंपन्यांचा माल येऊ लागला आणि त्याच्याच बरोबरीने चेकोस्लोव्हाकियाची ग्राझिओसोही आली.

निर्मिती : वाद्यनिर्मितीची परंपरा बोहेमियाला नवी नव्हती. पश्चिम बोहेमियातील शनबाख, म्हणजे आजचे लुबी, हे गाव व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध होते. 1887 मध्ये स्थापन झालेली हॉफ्नर कंपनी मूळची याच गावची. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनभाषक लोकसंख्येची हकालपट्टी झाली तेव्हा तेथील बरेचसे कारागीर बव्हेरियातील बुबेनरॉइट येथे जाऊन स्थिरावले. त्यामुळे लंडनच्या दुकानांत शेजारी शेजारी टांगलेल्या जर्मन आणि चेक गिटारांमागे एकाच प्रदेशाचा वाद्यव्यवसाय दुभंगल्याचा इतिहास होता.

ग्राझिओसो मात्र या जुन्या केंद्रात घडली नाही. दक्षिण बोहेमियातील ब्लात्ना या छोट्या नगरात द्रेवोकोव ही फर्निचर बनवणारी सहकारी संस्था होती. तेथे योसेफ रूझिच्का यांनी विद्युत् वाद्यांची रचना हाती घेतली आणि 1955 च्या सुमारास ग्राझिओसो आकाराला आली. पुढे चेकोस्लोव्हाकियातील विद्युत् गिटारांचे उत्पादन सरकारी वाद्यउद्योगाकडे गेले आणि त्या गिटारांना ‘योलाना’ ही मुद्रा मिळाली. पूर्व युरोपातील वादकांच्या पिढ्यांना हेच नाव परिचयाचे आहे.

रचना : अंगाची दोन शिंगे आणि मानेलगतच्या दोन्ही बाजूंच्या खाचा पाहता स्ट्रॅटोकास्टरचा प्रभाव लगेच लक्षात येतो. या खाचांमुळे वादकाचा हात वरच्या स्वरांच्या पडद्यांपर्यंत, म्हणजे फ्रेटांपर्यंत, अडथळ्याविना पोचतो. तीन पिकअप, आवाज आणि स्वरगुण यांसाठी फिरवायच्या खुंट्या आणि घोडीला जोडलेला कंपदांडा ही तिची ठळक अंगे होत. हा दांडा दाबला की तारांवरचा ताण क्षणभर सैल होतो, स्वर खाली उतरतो आणि दांडा सोडताच स्प्रिंगच्या जोरावर मूळ जागी येतो.

पण आतील योजना ही स्ट्रॅटोकास्टरची नक्कल नव्हे, आणि हे पिकअपांच्या कळांवरून स्पष्ट होते. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरला तीन स्थानांची एकच कळ असे, म्हणून एका वेळी एकच पिकअप निवडता येई. दोन पिकअपांचा मिश्र आवाज हवा असल्यास वादक ती कळ दोन स्थानांच्या मध्ये अडकवून ठेवत. ग्राझिओसोमध्ये प्रत्येक पिकअपला स्वतंत्र कळ दिलेली होती. तीन कळांच्या चालू-बंद अवस्थांतून एकूण आठ जुळण्या होतात आणि सर्व बंद असण्याची एक वगळली तर वाजवण्याजोग्या सात उरतात. तिन्ही पिकअप एकत्र, किंवा मानेजवळचा आणि घोडीजवळचा असे दोनच एकत्र, ही स्ट्रॅटोकास्टरवर न मिळणारी मिश्रणे येथे बोटाच्या एका हालचालीत मिळत. ब्लात्नाच्या रचनाकाराची स्वतंत्र बुद्धी या कळांत दिसते.

गिटारचे दोषही तितकेच खरे आहेत. तारा फ्रेटांपासून उंच राहत असल्याने त्या दाबायला बोटांचा बराच जोर लागे, आणि वाजवायला अवघड अशीच तिची ख्याती होती.

प्रसार आणि वादक : सेल्मरच्या जाहिरातींत तिची किंमत 55 गिनी, म्हणजे 57 पौंड 15 शिलिंग, अशी होती. सामान्य घरातील मुलाला ही रक्कमही मोठीच होती. परंतु निर्बंध उठल्यावर आलेल्या स्ट्रॅटोकास्टरला याच्या दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागत, शिवाय फ्यूचरामा हप्त्यांनी घेता येत असे.

तिचे सर्वांत प्रसिद्ध वादक म्हणजे बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन. त्यांनी नोव्हेंबर 1959 मध्ये लिव्हरपूलमधील हेसी यांच्या दुकानातून हप्त्यांवर फ्यूचरामा घेतली. हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र चाललेले कार्यक्रम त्यांनी तिच्यावरच वाजवले आणि 1961 मध्ये त्याच शहरात टोनी शेरिडन यांच्यासोबत झालेल्या ध्वनिमुद्रणांतही ती त्यांच्या हाती होती. त्याच वर्षी अमेरिकन बनावटीची ग्रेच गिटार मिळाल्यावर फ्यूचरामा मागे पडली. पुढे 1964 मध्ये एका ब्रिटिश संगीत मासिकाच्या स्पर्धेसाठी ती बक्षीस म्हणून ठेवण्यात आली, पण विजेत्याने गिटारऐवजी रोख रक्कम पसंत केली. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतील लिलावात तिला साडेबारा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. पुढे लेड झेपेलिनमुळे विख्यात झालेले जिमी पेज आणि कंट्री शैलीतील द्रुत वादनासाठी नावाजलेले आल्बर्ट ली यांनीही उमेदवारीच्या काळात ग्राझिओसो वाजवली होती.

उत्तरकाळ : सातव्या दशकाच्या पूर्वार्धात सेल्मरने चेक माल थांबवून तेच नाव स्वीडनमधील हागस्ट्रम कंपनीच्या गिटारांना दिले. एल्व्दालेन येथील ही कंपनी मूळची अकॉर्डियनची. तिने 1958 मध्ये विद्युत् गिटार बनवण्यास आरंभ केला आणि मानेत घातलेल्या धातूच्या पट्टीमुळे तिच्या गिटारांच्या माना बारीक असूनही सरळ राहत. परिणामी ‘फ्यूचरामा’ या एकाच नावाखाली दोन देशांची, अगदी वेगळ्या घडणीची वाद्ये आढळतात. जुनी गिटार खरेदी करणाऱ्याने नावावर न जाता ती कोठे घडली हे आधी ठरवणे, आणि मान सरळ आहे का, तिन्ही पिकअप बोलतात का, कळा व कंपदांडा मूळचेच आहेत का, हे तपासणे अगत्याचे ठरते. हॅरिसन यांच्या वाद्याला आलेली किंमत हा अपवाद आहे. एरवी ही गिटार समकालीन अमेरिकन गिटारांच्या तुलनेत आजही पुष्कळ स्वस्त पडते.

मूल्यमापन : केवळ नादगुण आणि वादनसुलभता पाहिली तर फ्यूचरामाला श्रेष्ठ गिटारांच्या पंक्तीत बसवता येणार नाही. पण वाद्याचा इतिहास ते कोणाला परवडले यावरूनही लिहावा लागतो, आणि त्या कसोटीवर तिची कामगिरी मोठी आहे. एका समाजवादी देशातील फर्निचरच्या सहकारी संस्थेने बनवलेली ही गिटार एका भांडवलशाही देशाच्या आयातबंदीमुळे बाजारात टिकली आणि ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता अशा वादकांनी तिच्यावर आपला हात तयार केला. 1960 नंतर जगभर गाजलेल्या ब्रिटिश गिटारवादनाच्या जडणघडणीत म्हणूनच तिचा वाटा मानावा लागतो.