प्रॉमिस (जावास्क्रिप्ट)

प्रॉमिस हा जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील एक ऑब्जेक्ट आहे. ज्या कामाचे फलित तत्काळ हाती येत नाही, त्याचे भावी फलित तो दर्शवितो. सर्व्हरवरून माहिती मागविणे, फाइल वाचणे ही अशा असमकालिक कामांची उदाहरणे होत. ब्राउझरमधील पानाचा कोड सामान्यतः एकाच थ्रेडवर चालतो. उत्तर येईपर्यंत तो अडून राहिल्यास संपूर्ण पान प्रतिसाद देईनासे होते.

इतिहास

'प्रॉमिस' ही संज्ञा १९७६ मध्ये डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी सुचविली. जावास्क्रिप्टची निर्मिती ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत केली. आरंभी असमकालिक कामांसाठी कॉलबॅक फंक्शने वापरली जात. ती एकात एक गुंतत गेल्याने कोड वाचणे अवघड होई. प्रॉमिसचा समावेश एक्मास्क्रिप्ट २०१५ या प्रमाणात झाला. 'एसिंक' व 'अवेट' हे शब्द २०१७ च्या आवृत्तीत आले.

अवस्था

प्रॉमिसच्या तीन अवस्था असतात : प्रलंबित, पूर्ण व नाकारलेली. प्रॉमिस एकदा पूर्ण झाले किंवा नाकारले गेले, की त्याची अवस्था पुन्हा बदलत नाही. यशस्वी फलित 'देन' या पद्धतीने, तर अपयशाचे कारण 'कॅच' या पद्धतीने हाताळले जाते.

एसिंक व अवेट

एसिंक फंक्शन नेहमी प्रॉमिसच परत करते. 'अवेट' केवळ त्या फंक्शनची पुढील वाटचाल थांबवितो. उर्वरित कोड चालू राहतो. समजा, वर्धा, नागपूर व अमरावती येथील तापमान तीन वेगवेगळ्या विनंत्यांनी मागवायचे असून प्रत्येकीस २ सेकंद लागतात. प्रत्येक विनंती आधीच्या 'अवेट'नंतरच पाठविल्यास एकूण ६ सेकंद लागतील. तिन्ही विनंत्या एकदम पाठवून 'प्रॉमिस.ऑल' वापरल्यास सुमारे २ सेकंद पुरतील. मात्र त्यांपैकी एक जरी नाकारली गेली, तरी 'प्रॉमिस.ऑल' नाकारले जाते. प्रत्येकीचे फलित स्वतंत्रपणे हवे असल्यास २०२० च्या आवृत्तीतील 'प्रॉमिस.ऑलसेटल्ड' वापरतात.

त्रुटी हाताळणी

एसिंक फंक्शनमध्ये 'अवेट' केलेल्या प्रॉमिसचे अपयश 'ट्राय–कॅच' रचनेत पकडता येते. 'फेच'ने दिलेले प्रॉमिस सर्व्हरकडून ४०४ किंवा ५०० हा संकेतांक आला तरी नाकारले जात नाही. म्हणून उत्तराचा 'ओके' हा गुणधर्म वेगळा तपासावा लागतो. नाकारलेले प्रॉमिस न हाताळल्यास नोड.जेएसच्या १५ व्या आवृत्तीपासून चालू प्रक्रियाच सामान्यतः बंद पडते.