कोरा कागद पुढं सरकत नाही

परळी वैजनाथ म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आणि दुसरं औष्णिक वीज केंद्र. (तिसरी गोष्ट राजकारण, पण ते आज नको!) चौथी गोष्ट मात्र पुण्या-मुंबईतल्या माझ्या मित्रांना सहसा माहीत नसते. ती म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत परळी भारतात नव्हती, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं तरी आमच्याकडे झेंडा वेगळा होता, आणि सरकारी कागद उजवीकडून डावीकडे लिहिला जात होता.

आजचा विषय या शेवटच्या गोष्टीचा आहे. हल्ली टीममधली नवी मुलं कुठलीही नवी भाषा शिकताना (जावा असो, पायथन असो, नाहीतर साधं इंग्रजी बोलणं असो) चुकायला फार घाबरतात असं मला दिसतं. सगळे व्हिडिओ पाहून झालेले असतात, पण पहिली ओळ काही लिहिली जात नाही. का, तर कुणी हसेल. अशा वेळी मला मराठवाड्याचा इतिहास आठवतो. आमच्याकडे एका अख्ख्या पिढीला दोनदा नव्याने साक्षर व्हावं लागलं आणि त्या पिढीला न चुकण्याची चैन परवडणारी नव्हती.

थोडी पार्श्वभूमी. हैदराबाद संस्थानात आधी फारसी ही राजभाषा होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. पण कचेरीत जायचं, नोकरी करायची, तर उर्दू हवीच. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि तिथे उच्च शिक्षणाचं माध्यमही उर्दू ठरलं. राजकीय हेतू बाजूला ठेवून बघितलं तर हा प्रयोग धाडसीच म्हणायला हवा. वैद्यकासारखा विषय उर्दूत शिकवायचा, पण पुस्तकं कुठे होती? म्हणून १९१७ मध्येच एक भाषांतर विभाग काढला आणि मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या विद्वानाला तिथे नेमलं. शास्त्रातल्या शेकडो संज्ञा नव्याने घडवल्या गेल्या. त्यातल्या काही रुजल्या, काही पुस्तकातच राहिल्या. सगळे शब्द अचूक होईपर्यंत थांबू असं ते म्हणाले असते, तर विद्यापीठ सुरूच झालं नसतं.

आता दुसरी बाजू. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला इतिहास, गणित सगळं परक्या भाषेत शिकावं लागणं हा काही गमतीचा मामला नव्हता. म्हणूनच मराठी शिकवणाऱ्या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांना आमच्याकडे एवढं महत्त्व आलं. परळीपासून तासाभराच्या अंतरावर अंबाजोगाई आहे (निजामाच्या काळात तिचं नाव मोमिनाबाद). तिथल्या योगेश्वरी विद्यालयात १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ आले आणि पुढे तेच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. भाषा आणि स्वातंत्र्य या गोष्टी आमच्याकडे वेगळ्या काढताच येत नाहीत, त्या अशा.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अॅक्शननंतर संस्थान भारतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुस्तकात हे तीन ओळींत संपतं. पण कचेरीत बसलेल्या कारकुनाचा विचार करा. शाळा उर्दूत, पहिली नोकरी उर्दूत. 'अव्वल तालुकदार' म्हणजे कलेक्टर, 'पेशकार', 'मोहतमीम' असा सगळा शब्दसंग्रह तोंडात बसलेला. आणि एक दिवस हुकूम येतो की आता मराठी.

माझे आजोबा असेच एक कारकून होते. बोलायचे अस्सल मराठवाडी मराठी, पण पत्र लिहायचं तर हात आपोआप कागदाच्या उजव्या टोकाला जायचा. देवनागरी वाचता यायची, लिहायची सवय अजिबात नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा तर आनंदच. त्यात मुंबई राज्याकडून बदलून आलेले सहकारी, ज्यांचं सगळं शिक्षण मराठीत झालेलं. ते मसुदे तपासायचे आणि हसायचे.

आजोबांनी यावर एक वही केली. चुकलेला शब्द उजवीकडे आणि दुरुस्त केलेला डावीकडे (सवय जात नाही ती अशी). ती वही ते लपवून ठेवत नसत, टेबलावरच असायची. मी कॉलेजात असताना त्यांना विचारलं होतं, "तुम्हाला लाज नाही वाटली का हो?" तर म्हणाले, "अरे, चुकलेला कागद माघारी येतो, दुरुस्त होतो, पुढं सरकतो. कोरा कागद कुठंच सरकत नाही."

पण ते सगळ्याच चुकांकडे असं हसून बघत नसत, आणि हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांच्याकडे जमिनीचे कागद होते. जुनी नोंद उर्दूत, नवी मराठीत उतरवायची. ते म्हणायचे, "शब्द चुकला तर लोक आपल्याला हसतील. आकडा चुकला तर कुणाचं तरी शेत जाईल." त्यामुळे सर्व्हे नंबर, एकर, गुंठे, बापाचं नाव हे ते तीनदा वाचायचे, शेजाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. म्हणजे भीती त्यांनाही होती. फक्त ती कुठे खर्च करायची हे त्यांनी ठरवलं होतं. आपण नेमकं उलटं करतो. मीटिंगमध्ये इंग्रजी क्रियापद चुकेल म्हणून घाम फोडतो आणि शुक्रवारी संध्याकाळी न तपासलेला कोड बिनधास्त लाइव्ह करतो!

ही भीती किती योग्य होती ते २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. कुणबी नोंदी शोधायला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मराठवाड्यातले निजामकालीन दस्त बाहेर निघाले, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. तुमची बाजू कुठलीही असो, एवढं खरं की कुणा अनाम कारकुनाने केलेल्या नोंदीवर इतक्या वर्षांनी माणसांचे निर्णय ठरत होते.

आता गोष्टीतली खरी गंमत. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले. सुरुवातीला चौदा नियम होते, १९७२ मध्ये चार वाढले. या नियमांनी जुने व्युत्पत्तीने येणारे, उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'कांहीं'चं 'काही', 'पांच'चं 'पाच'. 'कवि' होता तो 'कवी' झाला. आजोबा पहिल्यापासून कानाला ऐकू येईल तसं लिहायचे. त्यामुळे 'नाव', 'काही' हे शब्द त्यांच्या वहीत उजवीकडे, चुकांच्या रांगेत होते. एका निर्णयासरशी ते शब्द बरोबर ठरले, आणि त्यांना हसणारी मंडळी आपली वळणदार 'नांवं' दुरुस्त करत बसली! पंचवीस वर्षं शुद्ध लिहिलेला माणूसही त्या दिवशी पुन्हा पहिलीत बसला.

खरं तर त्या काळात अख्खं सरकारच पहिलीत होतं. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, १९६२ मध्ये पदनाम कोश आला. इंग्रजी पदांना मराठी नावं द्यायचा तो खटाटोप बघून आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं. सरकारी मराठीची टिंगल पुष्कळ झाली, आणि तिच्यात बोजड शब्द पुष्कळ आहेत हेही खरं. पण 'संचालक', 'कार्यकारी अभियंता' म्हणताना आज आपण अडखळतो का? हसणाऱ्यांचं हसणं विरलं, वापरात आलेले शब्द राहिले.

हैदराबाद संस्थानातलाच आणखी एक विद्यार्थी सांगतो आणि थांबतो. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेतून बरीच मुलं काढली गेली. त्यांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं. त्यात एक तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे तो मराठी इतकी शिकला की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्याने तेलुगूत नेली. १९८० च्या दशकात, वयाच्या साठीनंतर, केंद्रात मंत्री असताना हेच राव संगणक शिकायला बसले. जुन्या पिढीला संगणक काय कळणार, अशा आशयाचं राजीव गांधींचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं, असं विनय सीतापती यांनी 'हाफ लायन' या चरित्रात सांगितलंय. रावांनी मुलाकडून संगणक मागवला, शिक्षक ठेवला आणि कोबोल, बेसिकपर्यंत मजल मारली. मला वाटतं, ज्याने तरुणपणीच भाषा, गाव, विद्यापीठ सगळं बदललं होतं, त्याला पुन्हा एकदा 'ढ' व्हायची भीती उरली नसावी.

तर मंडळी, सांगायचं एवढंच. चुकलो तर काय, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आधी ती चूक कुणाला लागणार ते बघा. दुसऱ्याच्या शेताला लागणार असेल तर तीनदा तपासा, शेजाऱ्याला दाखवा. आणि फक्त आपल्या तोऱ्याला लागणार असेल तर खुशाल करा, लिहून ठेवा, वही टेबलावर राहू द्या. कुणी सांगावं, आज उजव्या रांगेत असलेला शब्द उद्या नियमात बसेलसुद्धा.