मोहल्ल्याच्या चर्चेसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

मयतीची खबर, जनाज्याची वेळ, रक्ताची तातडीची गरज यासाठी मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तोड नाही. हिंगोली असो, वसमत असो की कळमनुरी, पाच मिनिटांत घराघरांत निरोप पोचतो. पण शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा, हजचा पुढचा हप्ता कसा भरायचा, कब्रस्तानच्या सातबाऱ्यावरची नोंद कुठे दुरुस्त होते, याचे उत्तर कुणीतरी जाणकाराने ग्रुपवर नीट लिहिलेले असते आणि आठ दिवसांत ते ईद मुबारकच्या चित्रांखाली गडप होते. मग तोच प्रश्न पुन्हा, तेच उत्तर पुन्हा. शेवटी जाणकार माणूस कंटाळून गप्प बसतो. हे नुकसान कुणी मोजत नाही.

६ जून २०२५ ला केंद्र सरकारने उमीद पोर्टल सुरू केले आणि वक्फ मालमत्तांची नोंद करायला सहा महिने दिले. अशा वेळी गावोगावच्या मुतवल्लींना लागणारी माहिती जवळपास सारखीच असते. ती एका ठिकाणी विषयवार मिळाली तर सेनगावच्या माणसाला औंढ्याच्या माणसाचा अनुभव कामी येतो. म्हणून साधन निवडताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: आज दिलेले उत्तर सहा महिन्यांनी नव्या माणसाला सापडेल का?

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, पण नव्याने आलेल्याला आधीची सगळी चर्चा दिसत नाही. शिवाय प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांसमोर उघडा. आपल्या घरातल्या मुली, सुना शिक्षणाचे, दवाखान्याचे प्रश्न विचारत नाहीत, त्यामागे हे एक मोठे कारण आहे असे आम्हाला वाटते. आणि अफवांचे म्हणाल, तर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुले पळवणारे समजून पाच निरपराधांना ठार मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जागी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

टेलिग्राम याहून बरे. ग्रुपमध्ये दोन लाख लोक मावतात, जुनी चर्चा नव्यांना दिसेल अशी सोय ठेवता येते, नंबर लपवता येतो आणि एकाच ग्रुपमध्ये वेगवेगळे विषय करता येतात: शिक्षण, हज, रोजगार, दवाखाना. पैसा लागत नाही. मात्र ग्रुपमधल्या गोष्टी कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. व्हॉट्सॲपसारखे दोन्ही टोकांचे कुलूप तिथे ग्रुपला नाही. आधार, बँकेचे कागद तिथे टाकू नयेत. तसे ते व्हॉट्सॲपवरही टाकू नयेतच!

तिसरा रस्ता म्हणजे स्वतःच्या वेबसाइटवर चर्चामंच. मराठीला हे नवे नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या बोस्टनमधून मायबोली सुरू झाली, २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये मिसळपाव. तिथली जुनी पाककृती किंवा प्रवासाची माहिती पुढे कितीतरी वर्षे लोक शोधून वाचत राहिले. या तिन्ही ठिकाणी द्रुपल हे सॉफ्टवेअर वापरात आले. ते ताकदवान आहे, पण जाणता माणूस हाताशी लागतो. तालुक्याच्या जमातीने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आमची पसंती पीएचपीबीबीला. २००० साली सुरू झालेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या स्वस्त होस्टिंगवर चालते, देवनागरी नीट दाखवते. नव्या सदस्याचे पहिले काही मेसेज व्यवस्थापकाने पाहिल्याशिवाय दिसू नयेत, अशी सोय त्यात आहे. अफवा आणि जाहिरातबाज दोन्ही इथेच अडतात. सदस्याचे टोपणनाव दिसते, नंबर नाही. दिसायला जुनाट आहे हे खरे. वेबसाइट आधीच वर्डप्रेसवर असेल तर बीबीप्रेस जोडा, निम्मे काम वाचते. डिस्कोर्स दिसायला देखणे, मोबाइलवर छान. पण त्याला किमान एक जीबी मेमरीचा स्वतंत्र सर्व्हर आणि ईमेल पाठवण्याची वेगळी व्यवस्था लागते. दर महिन्याचे बिल कोण भरणार, हे ठरल्याशिवाय त्याला हात लावू नका.

व्यवस्थापक व्हायला लोक कायद्याच्या भीतीनेही कचरतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला सांगितले की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसायला हवा. याचा अर्थ डोळेझाक करावी असा नाही. त्या वेळी ॲडमिनच्या हातात माणूस घेणे आणि काढणे एवढेच होते. आता दुसऱ्याचा मेसेजही तो पुसू शकतो, त्यामुळे घाण दिसली की पुसलेली बरी.

आमचा मशवरा असा: पहिले सहा महिने टेलिग्रामवर चार-पाच विषय करून पाहा. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे टिकले, तरच वेबसाइटचा खर्च करा. दोन व्यवस्थापक ठेवा, त्यात एक बहीण असावी. वेबसाइटचे नाव आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर घ्या, ज्या पोराने बनवून दिले त्याच्या नावावर नको. तो उद्या नोकरीला पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्यासोबत जातो. आणि दर महिन्याला सगळ्या माहितीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून संस्थेच्या कपाटात ठेवा.