एनएसएक्स मॅनेजरमधून कॉन्फिगरेशन कसं वाचायचं?

अंधेरी स्टेशनवर लोकलची वाट बघत तुम्ही एखादं अ‍ॅप उघडता, तेव्हा तो ट्रॅफिक बऱ्याचदा चांदिवली किंवा ऐरोलीतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये जाऊन परत येतो. तिथे सर्व्हर असतात हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्या सर्व्हरना जोडणारे स्विच, राउटर, फायरवॉल यातले बरेचसे आज हाताला लागतच नाहीत. ते सॉफ्टवेअरमध्ये असतात. यालाच नेटवर्क व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

यातलं सर्वात ओळखीचं नाव म्हणजे व्हीएमवेअरचं एनएसएक्स. २०१२ मध्ये व्हीएमवेअरने निसिरा ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी एनएसएक्स जाहीर केलं. २०२३ पासून खुद्द व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे आहे. जुन्या व्हीलॅनमध्ये ४०९४ नेटवर्क्सच बनवता येतात; एनएसएक्स वापरतं त्या जिनिव्ह पद्धतीत नेटवर्कचा नंबर २४ बिटांचा असतो, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त.

आता मुद्दा असा की केबल दिसत नाही, तर काय कुठे जोडलंय हे कळणार कसं? ते सगळं एनएसएक्स मॅनेजरकडे लिहिलेलं असतं. स्क्रीनवर क्लिक करत बघता येतं, पण शेकडो नियम असतील तर बोटं दुखतील. म्हणून एपीआय वापरायचा. पोस्टमन किंवा पायथनमधून गेट रिक्वेस्ट पाठवायची, उत्तर जेसनमध्ये येतं. पॉलिसी एपीआयमध्ये सगळं 'इन्फ्रा' नावाच्या एका झाडाखाली असतं: सेगमेंट्स म्हणजे व्हर्च्युअल स्विच, टियर-० आणि टियर-१ म्हणजे राउटर, आणि 'डोमेन्स'च्या आत ग्रुप्स आणि सिक्युरिटी पॉलिसीज.

लॉगिनसाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये टाकू नका, प्लीज. ऑडिटर हा फक्त वाचायचा रोल आहे. त्या रोलचा वेगळा युजर मागून घ्या. चुकून डिलीटची रिक्वेस्ट गेली तरी मॅनेजर ती नाकारेल.

आता माझी फजिती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका क्लायंटकडे ग्रुप्सची यादी काढून एक्सेलशी ताडायची होती. एक्सेलमध्ये १४०० च्या वर ग्रुप, माझ्या स्क्रिप्टने आणले बरोबर १०००. तो गोल आकडा बघूनच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती! मी मात्र चारशे ग्रुप गायब झाल्याचा मेल टाकला. रात्री साडेअकराला सीनियरचा फोन, "अरे, कोणी उडवले?" एक जण तर ते ग्रुप पुन्हा बनवायला बसला होता. सुदैवाने त्याने आधी एक शोधून बघितला आणि तो जागेवर सापडला. त्या दिवशी शेवटची बोरिवली लोकल चुकली ती चुकलीच.

झालं काय होतं? एनएसएक्स एका वेळी ठरावीक नोंदीच देतं, सहसा १०००. पुढे अजून असतील तर उत्तरात 'कर्सर' येतो. तो पुढच्या रिक्वेस्टला जोडायचा, आणि कर्सर येणं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. सोबत 'रिझल्ट काउंट' हा एकूण आकडाही येतो, तो आपल्या यादीशी जुळवून बघा.

फायरवॉलमध्ये अजून एक गंमत आहे. सिक्युरिटी पॉलिसीजची यादी मागितली तर पॉलिसी येतात, आतले नियम नाही. प्रत्येक पॉलिसीचा आयडी घेऊन आत शिरून 'रूल्स' वेगळे मागावे लागतात.

आणि पॉलिसी एपीआय जे सांगतं ती आपली मागणी असते, 'मला असं हवंय' अशी. ते खरंच सर्व्हरपर्यंत पोचलं का, हे 'रिअलाइज्ड स्टेट'मध्ये दिसतं. काही बिघडलं असेल तर दोन्ही बघा. नुसत्या मागणीच्या बाजूला सगळं हिरवंगार दिसू शकतं.

काढलेली जेसन फाइल बॅकअप समजू नका. मॅनेजरचा खरा बॅकअप एसएफटीपी सर्व्हरवर वेगळा जातो. पण रोज रात्रीची फाइल गिटमध्ये ठेवली तर काल आणि आज यात काय बदललं ते दोन मिनिटांत कळतं. रिपॉझिटरी प्रायव्हेट ठेवा, कारण त्या फाइलमध्ये कंपनीच्या नेटवर्कचा पूर्ण नकाशा असतो. फरक बघताना 'रिव्हिजन' हा आकडा वाढलेला दिसला, तर शेजारच्या 'लास्ट मॉडिफाइड युजर'वर नजर टाका. बदल कोणाच्या लॉगिनने झाला ते तिथेच लिहिलेलं असतं.